लांब मोजे घेऊ का, ताई?

आधी पत्र, थोडं कापून:

"ताई नमस्कार. मी कराडला असते, हायस्कूलला शिकवते, वय ४१. दोन वर्षं झाली पळतेय, दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात, बेस्ट टायमिंग २ तास ४१ मिनिटं. यंदा सातारा हिल हाफला नाव घातलंय म्हणून गेल्या दीड महिन्यात रनिंग वाढवलं, आधी आठवड्याला २२-२३ किलोमीटर व्हायचं ते आता ४० वर गेलंय. होतंय असं की १२-१३ किलोमीटरनंतर दोन्ही पोटऱ्या दगडासारख्या होतात, चढावर पाय उचलतच नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत उभं राहून संध्याकाळी पाय नुसते ठणकतात, घोट्यावर साध्या मोज्याचा खोल वळ उठतो. ग्रुपमधले बरेचजण गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशनचे मोजे घालतात, म्हणतात पाच-दहा मिनिटं सहज कमी होतात आणि गोळे येत नाहीत. दुकानात अडीच हजार सांगितले. माझ्या डाव्या पोटरीवर निळ्या शिरा दिसायला लागल्यात, आईला व्हेरिकोजचा, म्हणजे पायाच्या शिरा फुगण्याचा त्रास होता, ऑपरेशन करावं लागलं होतं. घरात मोज्याला अडीच हजार कसं सांगायचं म्हणून दोन आठवडे मनातच ठेवलंय. घेऊ का? खरंच स्पीड वाढतो का?"

तू ताई म्हणालीस म्हणून मी सरळ अगं-तूगंच करते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना मला मोज्यांपेक्षा त्या घोट्यावरच्या वळाची आणि निळ्या शिरांची जास्त काळजी वाटली, त्याकडे येतेच. आधी तू विचारलंयस त्याचं उत्तर देते. स्पीड वाढत नाही. पाच-दहा मिनिटं तर नाहीच नाही. पण म्हणून मोजे घेऊच नकोस असंही मी म्हणणार नाही, कारण तुझ्या एका पत्रात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत, टायमिंगचा, पोटऱ्यांचा आणि उभं राहून पाय ठणकण्याचा, आणि मोजे त्यातल्या तिसऱ्यावर खरंच कामाचे आहेत, दुसऱ्यावर अगदी थोडे, पहिल्यावर जवळजवळ नाहीतच.

हे मोजे नेमकं करतात काय ते समजून घे म्हणजे दुकानदार काहीही सांगू दे, तुझं तुला ठरवता येईल. चांगला मोजा घोट्याशी सगळ्यात घट्ट असतो आणि वर गुडघ्याकडे सैल होत जातो. हा दाब मोजायचं माप तेच, जे बीपीला असतं, मिलिमीटर पारा. खेळाच्या दुकानातले बहुतेक मोजे १५ ते २० चे, त्याच्या वर २० ते ३० आणि पुढे ३० ते ४०, हे वरचे दोन औषधासारखे समजायचे, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालायचे नाहीत. पायातलं रक्त वर हृदयाकडे न्यायचं काम शिरा करतात, त्यांच्यात छोट्या झडपा असतात, आणि त्या शिरांना पिळून रक्त वर ढकलायचं काम पोटरीचा स्नायू करतो. प्रत्येक पावलाला पोटरी आवळते, रक्त वर जातं, झडप बंद होते, खाली परत येत नाही. म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात आणि मला तरी ते अगदी पटतं.

आता बघ, आपण नुसते उभे असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेत दाब साधारण ८०-९० मिलिमीटर असतो, कारण वरचा सगळा रक्ताचा खांब तिच्यावर उभा असतो. चालायला लागलं की झडपा धड असतील तर तोच दाब काही पावलांतच ३० च्या खाली येतो. म्हणजे पळताना, मिनिटाला १६०-१७० पावलं पडत असताना, तुझी पोटरी तो पंप स्वतःच जोरात चालवत असते, तिथे वरून मोज्याने अजून थोडं दाबून मिळणार काय? पंप बंद असतो तो शाळेत फळ्यासमोर उभं असताना. मोज्यांची खरी गरज तिथे आहे आणि आपण नेमके उलटं करतो, पळताना घालतो आणि शाळेत जाताना काढून ठेवतो.

हे मी मनाचं सांगत नाही. पळणाऱ्यांवर या मोज्यांचे बरेच अभ्यास झालेत. २०११ मध्ये एक अभ्यास आला, त्यात चांगल्या पळणाऱ्या १२ जणांना चार वेळा १० किलोमीटर जीव तोडून पळवलं, एकदा बिनदाबाचे मोजे, मग हलका दाब, मग मध्यम, मग जास्त. चारही वेळा टायमिंग सारखंच. माद्रिद मॅरेथॉनमध्ये ३४ अनुभवी रनर घेतले, निम्म्यांना कॉम्प्रेशनचे मोजे आणि निम्म्यांना साधे, ४२ किलोमीटरनंतर वेळेत म्हणावा असा फरक नाही आणि स्नायू किती दुखावले ते रक्त तपासून बघितलं तर तेही दोन्हीकडे सारखंच. इंडियाना विद्यापीठात पोटरीच्या स्लीव्ह्ज, म्हणजे पाऊल नसलेले नळीसारखे मोजे, घालून १६ जणांना पळवलं आणि ऑक्सिजन किती लागतो ते मोजलं, सरासरी फरक शून्य, पण गंमत म्हणजे काहींना थोडा कमी लागला आणि काहींना उलट जास्त लागला. मग २०१६ मध्ये असे ३२ अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात ५ आणि १० किलोमीटरपासून हाफपर्यंत कुठेच वेळ कमी झाल्याचं दिसलं नाही, बाकी बारीकसारीक फायदे थोडे-थोडे दिसले.

एक अभ्यास मात्र मोज्यांच्या बाजूने आहे आणि दुकानवाले तोच सांगतात, म्हणून तुला माहीत असावा. जर्मनीत एर्लांगेनला २००९ मध्ये झालेला. २१ पुरुष रनर, ट्रेडमिलचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा आणि पाय देईनासे झाले की थांबायचं. साध्या मोज्यांत साधारण ३५ मिनिटं टिकले, कॉम्प्रेशनमध्ये साडेछत्तीसच्या आसपास. फरक आहे, नाही म्हणत नाही. पण दमेपर्यंत ट्रेडमिलवर टिकणं वेगळं आणि रस्त्यावरचं २१ किलोमीटर वेगळं, आणि त्यातही पायात कुठला मोजा आहे हे पळणाऱ्याला चांगलं कळत होतं, त्यामुळे मनाचा भाग किती आणि मोज्याचा किती हे सांगणं अवघड. ओहायोमध्ये कॉम्प्रेशनच्या टाइट्सवर, म्हणजे पायभर घट्ट बसणाऱ्या पँटवर, झालेला अभ्यास मला जास्त प्रामाणिक वाटतो, त्याला पैसे खुद्द नायकी कंपनीने दिले होते. स्नायूंचं हलणं, थरथरणं टाइट्सनी कमी झालं हे मोजून दिसलं, आणि तरीही पाय दमायचे तेवढेच दमले. थरथर कमी म्हणजे दमणूक कमी हे गणित जाहिरातीत छान वाटतं, पण कंपनीच्याच पैशांवर ते सिद्ध झालं नाही.

मग ग्रुपवाले खोटं बोलतात का? अजिबात नाही. माणूस मोजे कधी घेतो, तर इव्हेंट जवळ आल्यावर, आणि इव्हेंट जवळ येतो तेव्हा लाँग रन वाढलेले असतात, वजन थोडं उतरलेलं असतं, हवा बदललेली असते, आणि मग टायमिंग सुधारतं आणि श्रेय मोज्यांना जातं. इंग्लंडची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून पळायची, तिला बघून जगभर ही फॅशन आली असं म्हटलं तरी चालेल, पण लंडनला २००३ मध्ये तिने २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा जो विक्रम केला तो आठवड्या-आठवड्याच्या राबण्याचा होता. शिवाय विश्वासाचं म्हणशील तर तोही मी हलका समजत नाही. पोटरी कुणीतरी धरून ठेवलीय असं वाटतं, धीर येतो, शेवटच्या पाच किलोमीटरला तो धीर लागतोच. ज्यांना बरं वाटतं त्यांनी जरूर घालावेत, त्यांच्याशी ग्रुपवर वाद घालत बसू नकोस. पायात गोळे येण्याचं म्हणशील तर पोटरीत वांब येतो तो बहुतेक वेळा दमलेल्या, तयारी नसलेल्या स्नायूला, वरून मोजा घातला म्हणून तो थांबेल यावर माझा तरी विश्वास नाही.

पळून झाल्यावरची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिथे मी मोज्यांच्या बाजूने आहे. २००७ च्या एका अभ्यासात हौशी रनर १० किलोमीटर जोरात पळाले, वेळ तीच आली, पण दुसऱ्या दिवशी पाय भरून येणं कॉम्प्रेशनवाल्यांचं कमी होतं. आणि मला सगळ्यात आवडलेला अभ्यास ऑस्ट्रेलियातला, २०१५ चा, त्यात मॅरेथॉन झाल्यावर ३३ जणांपैकी काहींना कॉम्प्रेशनचे आणि काहींना दिसायला तसेच पण दाब नसलेले मोजे ४८ तास घालायला दिले, आणि दोन आठवड्यांनी सगळ्यांना परत ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवलं. दाबवाले आधीपेक्षा सरासरी ५२ सेकंद जास्त टिकले, बिनदाबवाले ६२ सेकंद कमी टिकले. छोटा अभ्यास आहे, त्यावर सगळा डोलारा उभा करू नये, पण फिजिओ म्हणून मला तो पटतो, कारण पळून आल्यावर आपण बसतो, गाडीत पाय लोंबकळत घरी येतो, पंप बंद झालेला असतो आणि पायात पाणी साचायला तेव्हाच सुरुवात होते. माझी स्वतःची सवय अशी आहे की लाँग रन घरचे साधे मोजे घालून करायचा, अंघोळ झाली की लांब मोजे चढवायचे ते रात्री झोपताना काढायचे. मुंबई मॅरेथॉनहून परत येताना बसच्या प्रवासात तर मी घालतेच घालते.

आता पोटऱ्या. इथे जरा रागावते तुझ्यावर, प्रेमानेच. २२ वरून ४० किलोमीटर, दीड महिन्यात? अगं म्हणजे जवळजवळ दुप्पट. दम लवकर वाढतो, छाती महिनाभरात तयार होते, पण पोटरीचा स्नायू, त्याला टाचेशी जोडणारी जाड दोरी आणि नडगीचं हाड यांना महिनोन् महिने लागतात, त्यामुळे तुझी छाती म्हणतेय चल आणि पाय म्हणतायत थांब. पोटऱ्या दगड होतायत ते हेच सांगायला. पुढचे दोन आठवडे सरळ ३० वर ये, घाबरू नकोस, केलेलं कुठे जात नाही, आणि मग आठवड्याला दोन-तीन किलोमीटर असं हळूहळू चढव आणि दर चौथा आठवडा हलका ठेव. तुझे रोजचे रन किती हळू असतात तेही बघ, शेजारणीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, वाक्य तुटायला लागलं म्हणजे तू जोरात पळतेयस.

आणि पोटरी बळकट कर. जिन्याच्या पायरीच्या कडेला चवड्यांवर उभी राहा, कठड्याला हात, टाचा हळू वर, मग अजून हळू खाली, पायरीच्या खालपर्यंत. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा आणि मग गुडघा थोडा वाकवून १५ वेळा, हे दुसरं लोक विसरतात आणि तेच महत्त्वाचं, कारण पोटरीच्या आत एक खोल स्नायू असतो, पळताना आणि विशेषतः चढावर सगळ्यात जास्त भार तोच झेलतो आणि तो गुडघा वाकवल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. दोन्ही मिळून तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. सहज जमायला लागलं की एका पायावर, मग पाठीवर वह्यांनी भरलेली शाळेची सॅक. अडीच हजारांच्या मोज्यांपेक्षा ही पायरी तुला साताऱ्यात जास्त उपयोगी पडेल असं मी अगदी खात्रीने सांगते.

साताऱ्याचं अजून एक. तिथला रस्ता तुला माहीतच आहे, गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढत कासच्या दिशेने जायचं आणि अर्ध्यातून वळून तोच घाट उतरायचा. सगळे चढाला घाबरतात. चढ चालत गेलीस तरी चालतो, लाज वाटायचं काही कारण नाही, लांब पावलांनी हात हलवत चालणारी बाई अनेकदा धापा टाकत पळणाऱ्याच्या बरोबरीने वर पोचते. खरा मार बसतो उतरताना. उतारावर मांडी आणि पोटरी ताणली जात असताना ब्रेक लावत असते, त्याने स्नायू सगळ्यात जास्त दुखावतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही तो त्यामुळेच. त्याच्यावर एक फार चांगला उपाय शरीरातच आहे, एकदा थोडा उतार पळून पाय दुखून बरे झाले की पुढचे काही आठवडे तोच उतार तेवढा दुखवत नाही. म्हणून इव्हेंटच्या तीन-चार आठवडे आधी आणि मग पुन्हा दोन आठवडे आधी मुद्दाम उतार पळ. कराडात राहतेस म्हणजे आगाशिव आणि सदाशिवगड उशालाच आहेत, पायऱ्यांवरून आणि ओल्या दगडांवरून मात्र पळू नकोस, त्या नुसत्या चढ-उतर कर, पळायला डांबरी उतार शोध किंवा एखाद्या रविवारी पहाटे ग्रुपबरोबर साताऱ्याला जाऊन घाटातच तीन-चार किलोमीटर उतरून ये. छोटी पावलं, भरभर, टाच पुढे टाकून ब्रेक मारायचा नाही.

आणि पावसाचे दिवस आहेत. लांब मोजा भिजला की जड होतो, पाणी धरून ठेवतो, बोटांमध्ये आणि टाचेला घासून फोड येतात. म्हणून पळताना घालायचेच ठरवलेस तरी पाऊस पडत असताना निदान दोन लाँग रन त्यातच करून बघ, इव्हेंटच्या सकाळी पाकिटातून नवा मोजा काढून घालायचा नाही. माझ्याकडे आलेल्या एका पेशंटने तसं केलं होतं, मोजा एक साइझ लहान, आठव्या किलोमीटरला बोटं बधिर आणि पंधराव्याला बसून मोजे कापून काढावे लागले.

आता मला ज्याची काळजी वाटली ते. संध्याकाळी घोट्यावर वळ, पाय ठणकणं, डाव्या पोटरीवर शिरा, आईला व्हेरिकोज, आणि दिवसभर उभं राहायचं काम. हे सगळं एकत्र ठेवलं की मला पळण्याचा प्रश्न दिसत नाही, शिरांचा दिसतो. झडपा सैल पडायला लागल्या असतील तर उभं असताना रक्त खाली साचतं आणि संध्याकाळी पाय जड होतात. हे आईकडून मुलीकडे येतं, बाळंतपणांनी वाढतं, आणि शिक्षिका, नर्स, कंडक्टर, ट्रॅफिक पोलिस, भाजीवाल्या, पोळ्या लाटणाऱ्या बायका, म्हणजे तासन् तास एका जागी उभं राहणाऱ्या सगळ्यांना हा त्रास जास्त दिसतो. पळण्याने शिरा खराब होतात असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नकोस, चालणं-पळणं हा तर पंप चालू ठेवायचा सगळ्यात चांगला मार्ग.

तुला करायचंय एवढंच की सर्जनकडे जा आणि पायांच्या शिरांचा कलर डॉपलर करून घे. सोनोग्राफीसारखीच तपासणी असते, सुई नाही, दुखत नाही, झडपा बंद होतायत की रक्त मागे गळतंय ते तिथल्या तिथे दिसतं. ही तपासणी उभं राहून केली तर गळती नीट दिसते, तेवढं तिथे विचार. रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील की तुला १५-२० पुरतील का २०-३० लागतील, आणि मग तो मोजा सकाळी अंथरुणातून उठल्या-उठल्या, पाय सुजायच्या आधी चढवायचा आणि शाळा सुटेपर्यंत घालायचा. साडीखाली, पंजाबी ड्रेसखाली कुणाला दिसत नाही. तास घेताना मधूनमधून चवड्यांवर उभी राहून टाचा चार-पाच वेळा उचल, ऑफ तासाला स्टाफरूममध्ये दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवून बस, कुणी काही म्हणालं तर म्हणू दे. महिनाभर असं करून बघ, माझा अंदाज आहे की तुझ्या सकाळच्या रनला पाय आपोआप हलके लागतील, कारण आत्ता तू पळायला निघतेस तीच आदल्या दिवशीचे ठणकलेले पाय घेऊन.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र मोजे-बिजे बाजूला ठेव. एकच पाय सुजला, गरम लागतोय, लाल झालाय, पोटरी दाबली की दुखते, तर ती शिरेत रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, त्यावर मोजा चढवायचा नाही आणि कुणाला चोळायलाही द्यायचं नाही, आणि बरोबर धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल. नडगीच्या हाडावर एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल आणि रात्री झोपेतही ठणकत असेल तर पळणं थांबवून हाडाची तपासणी. आणि तुझ्या पोटऱ्या जशा दगड होतात, तसं होताना जर पावलाला मुंग्या येत असतील किंवा पाऊल लुळं पडल्यासारखं वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांग, स्नायूंच्या वेष्टणात दाब वाढण्याचा एक प्रकार असतो, त्यात बाहेरून अजून दाबणं चुकीचं. तू लिहिलं नाहीस पण विचारते, शुगर आहे का? ज्यांना डायबिटीसने पायाची संवेदना कमी झालीय किंवा पायाच्या धमन्यांत रक्तपुरवठाच कमी आहे त्यांनी हे मोजे डॉक्टरांना न विचारता अजिबात घालायचे नाहीत. तुझ्या ग्रुपमध्ये साठीच्या पुढचे काका लोक असतीलच, त्यांनाही हे सांग, मी अगदी मनापासून सांगतेय.

आणि ते अडीच हजार. अगं दोन आठवडे मनात ठेवलंस? घरातल्या कुणाच्या गुडघ्याचा पट्टा किंवा चष्मा आणायचा असता तर तू त्याच संध्याकाळी जाऊन आणला असतास. तुझे पाय रोज सहा तास शाळेत उभे राहतात, घरी येऊन ओट्यापाशी उभे राहतात आणि पहाटे परत पळतात, त्यांच्यावर खर्च करायला परवानगी कशाला लागते? पण क्रम बदल. आधी डॉपलरचे पैसे बाजूला काढ, नंतर मोजे, आणि मोजेही खेळाच्या दुकानातूनच घ्यायला पाहिजेत असं नाही, मेडिकल किंवा सर्जिकलच्या दुकानात साध्या रंगाचे मिळतात, ते बहुतेक वेळा स्वस्त पडतात आणि त्यांच्यावर दाबाचा आकडा छापलेला असतो. ज्या पाकिटावर आकडाच नाही आणि नुसतं कॉम्प्रेशन लिहिलंय ते घेऊ नकोस. नवऱ्याला डॉपलरलाच बरोबर घेऊन जा, म्हणजे मोज्याचं वेगळं सांगावंच लागणार नाही.

स्लीव्ह घेऊ की पूर्ण मोजा, असं विचारशील, तर तुला पूर्ण मोजा, कारण स्लीव्ह घोट्याच्या वर संपते आणि दिवसभर घातली तर खालचं पाऊल सुजतं. चढवताना मोजा टाचेपर्यंत उलटा करून घ्यायचा, आधी पाऊल आणि टाच नीट बसवायची, मग वर ओढत न्यायचं, वळी पडू द्यायची नाही आणि वरची कड दुमडायची तर अजिबात नाही, दुमडली की तिथे दुप्पट दाब पडतो आणि रक्त वर जायच्या ऐवजी तिथेच अडतं. नखं कापलेली असू दे, अंगठी काढून ठेव, नाहीतर पहिल्याच दिवशी धागा ओढला जातो. रोज हाताने धुवायचा, कोमट पाणी, साधा साबण, पिळायचा नाही, उन्हात नाही, सावलीत. रोजच्या वापरात सहाएक महिन्यांत इलॅस्टिक ढिलं पडतं, मग तो दिसायला चांगला असला तरी कामाचा राहत नाही. आणि पायाच्या बुटाच्या नंबरावरून मोजा देणाऱ्या दुकानातून उठून ये. टेप घेऊन दोन मापं घ्यायची, घोट्याच्या वर जिथे पाय सगळ्यात बारीक असतो तिथलं आणि पोटरी जिथे सगळ्यात जाड असते तिथलं, दोन्ही पायांची वेगळी, कारण डावा थोडा जाड निघायची शक्यता आहे. सकाळी उठल्यावर लगेच घे, शाळेतून आल्यावर नको, तुझ्या त्या वळ उठलेल्या पायाचं माप संध्याकाळी घेतलंस तर मोजा एक साइझ मोठा येईल. मापं लिहून ठेव आणि डॉपलरचा रिपोर्ट आला की मला दोन्ही पाठव.